अंजब्याड

माझं मधलं नाव परशराम.
कौलांच्या भट्टीवर चिखल तुडवणारा माणूस,
मी चार वर्षांची असताना गेला.
फोटो एकच, लग्नातला,
त्यातही अर्धं तोंड मुंडावळ्यांमागं.

बसलिंगाप्पा आला तेव्हा मी सात वर्षांची.
खाकी शर्ट, काखेत कातडी पिशवी,
खानापूर-नंदगड गाडीचा कंडक्टर.
आई म्हणाली, ह्यांना अप्पा म्हण.
मी काहीच म्हटलं नाही.
त्यानंही मागितलं नाही.

त्याच्या मराठीत मी मुलगा होते.
"शाळेतनं आला? जेवला? कुठं पडला?"
नळावर बायका हसायच्या.
मी चिडून चुका काढायची,
तो मान डोलवायचा, "बरोबर, बरोबर,
उद्यापासनं आली."
आणि उद्या पुन्हा मी आला.

त्याच्याच गाडीनं शाळेला निघाले
की माझ्यापुढंही थांबायचा, चिमटा टकटकवत.
अर्धं तिकीट फाडायचा,
पैसे स्वतःच्या वरच्या खिशातनं काढून पिशवीत टाकायचा.
बाकीच्या कंडक्टरांची पोरं फुकट फिरायची.
सख्खी असते तर फुकट नेलं असतं,
असं माझं गणित.
ते चुकलंय हे कळायला
मला स्वतःला नोकरी लागावी लागली.

पाचवीच्या दाखल्याला मास्तर म्हणाले,
आता बापाचं नाव ह्यांचंच लावूया, सोपं पडेल.
तो म्हणाला, "नको. असू दे.
त्याचं तेवढंच राहिलंय."
मग जिथं दुकानाच्या पाटीवरनं दगड उडायचे
त्या गावात, माझ्या प्रगतिपुस्तकात,
वर परशराम मराठीत,
खाली पालकाची सही कानडीत, गोल गोल, जिलबीसारखी.
एका पानावर नांदली दहावीपर्यंत.

एका पितृपक्षात कावळा येईना.

त्यांच्यात हे नसतं.
त्यांच्यात गेलेल्याला मातीत बसवतात,
कावळ्याची वाट बघत नाहीत.
तरी पान घेऊन वर तोच चढला,
आईला चक्कर यायची म्हणून.
आई खालनं एकेक सांगत होती,
पोरीला शिकवते, अर्धवट सोडणार नाही,
तुमच्या भावाचे पैसे फेडले,
माझ्यावर राग असला तर माझ्यावर काढा.
कावळा पलीकडच्या फणसावर, चोच पुसत.
दोन वाजले. वडे वाळले. मी भुकेनं रडकुंडीला.

तेव्हा त्यानं टोपी काढली
आणि फणसाकडं बघत कानडीत बोलायला लागला.
बराच वेळ. हळू आवाजात,
म्हाताऱ्या प्रवाशाला उतरायचा थांबा समजावतात तसा.
मला शेवटचं तेवढं ऐकू आलं:
"अंजब्याड. ना अदीनि."
भिऊ नको. मी आहे.

कावळा उतरला.
वडा उचलला, भातात चोच बुडवली.

"अहो, त्यांना कुठं कानडी येत होतं,"
आई नंतर म्हणाली, डोळे पुसत, हसतही.
तो शिडीवरनं उतरत म्हणाला,
"कळला त्याला. आता तू जेव,"
हे मला.

गेल्या माघात त्याला मातीत बसवला.
कपाळाला विभूती, मांडीवर हात,
गाडी सुटायच्या आधी
मागच्या सीटवर बसायचा, तस्सा.
कावळा नाही, पान नाही.
काही राहिलंय का, हे विचारायची
सोयच नाही त्यांच्यात.

यंदा परशरामचं पान ठेवलं.
कावळा लगेच आला, अलीकडं तो थांबवत नाही.
मग दुपारच्या गाडीनं नंदगडला गेले,
फुल्ल तिकीट काढून.
मातीवर गवत आलं होतं,
एक शेळी चरत होती, तिला हाकललं नाही.
चपला काढल्या, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा
त्याला हाक मारली.

अप्पा, मी आला.

कुणी चूक काढली नाही.