नाव घालणे

वॉकलीच्या उतारावर, घराला टेकून उभी पत्र्याची शेड.
आत एक बल्ब, एक रॉकेलचा हीटर,
आणि चाळीस मैलांत रंग पालटलेला
माझ्या गाडीचा नवा कोरा एक्झॉस्ट.

इंजिनापाशी निळा. त्याखाली जांभळा,
मग कडक चहाचा, मग वाळल्या गवताचा,
पार मागे, सायलेन्सरपाशी, दुकानातला पांढरा.
म्हटलं, स्टेनलेस ना रे तू?
शेफील्डात राहून डाग पाडून घेतोस?

विल्फ ऑग्डन कुंपणावरून डोकावला.
तेहतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये,
एका कानानं ऐकतो, तेही मनात असेल तेव्हा.
"डाग नाही, लव्ह. ताप आहे तो.
किती तापलो ते पोलादानं स्वतःच लिहून ठेवलंय.
गवती म्हणजे कणकण, निळा म्हणजे सणकून.
पेट्रोल कमी पडतंय तिला, हवा जास्त.
आधी दुखणं काढ, तोंड मग धू."

कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला.
मग तोंड धुवायला घेतलं.

तसा चकाकी हा माझा पोटाचा धंदा,
दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासते.
तरी हात आधी गेला चिंचेकडे,
लंडन रोडवरून आणलेली, दोन पौंड एकोणसत्तर.
पितळ असतं तर एव्हाना लाजलं असतं.
हे ढिम्म.
मग पेस्ट, जुन्या पायजम्याची लांब चिंधी
पाईपाभोवती एक वेढा देऊन
दोन्ही हातांनी इकडे-तिकडे,
रवीच्या दोरीसारखी.
लोणी येईना, पण जांभळा गेला.
चहा गेला. निळ्याचा नुसता वास उरल्यागत उरला.
दुसऱ्या वळणावर काळा चिकटा,
स्नेक पासच्या पावसात वितळलेली माझी रेनपँट;
पाईप कोमट करून लाकडी उलथन्यानं खरवडली.

आणि त्याच्या वर, आतल्या बाजूला, अंगठा.

उजवा. तपकिरी. भोवऱ्यासकट.
विल्फनं बजावलं होतं बसवतानाच,
पहिल्यांदा चालू करायच्या आधी स्पिरिटनं पूस,
हाताचं तेल भाजून निघतं, मग सात जन्म जात नाही.
पुसलं होतं. एवढं राहिलं.

गेल्या फेब्रुवारीत व्हिसाच्या कचेरीत
त्या पोरीनं माझी दहा बोटं काचेवर दाबली,
चार वेळा.
क्रीम लावलं, फुंकर मारली, पुन्हा दाबली.
लाल दिवा.
"तुमच्या रेषाच झिजल्यात," म्हणाली,
जणू मी कुठं सांडून आले होते.
तेरा वर्षं या गावच्या बत्तिशा उजळल्यात, बाई,
तुझ्या आजीचीही असेल त्यात एखादी.

आणि इथं, न मागता, एका दाबात,
एकूण एक रेष.

विल्फनं चष्मा लावून पाहिलं.
"पुढच्या वेळी गाडीच घेऊन जा आत,"
म्हणाला, आणि खोकला येईपर्यंत हसला.

नट-बोल्ट ठेवते तो डबा आईचा.
बुडाला टिंबाटिंबांनी कोरलंय:
सौ. शैलजा ग. मगदूम, जयसिंगपूर, ११-५-८१.
दुकानदार यंत्र चालवायचा, टरटर आवाज,
आणि आई म्हणायची, अक्षर ठसठशीत घाला हो.
कुणाच्या लग्नाला गेलं पातेलं, दुसऱ्या गल्लीत राहिली वाटी,
नाव वाचून कुणीतरी आणून द्यायचं.

चिंधी फिरते, त्या वळणाशी आली की
दोन बोटं अलीकडं थांबते.
बाकीचा रविवारी पुन्हा निळा होईल, होऊ दे,
पळणाऱ्याला ताप यायचाच.

विल्फ जाता जाता म्हणाला,
डावीकडचा पाईप अजून कोरा आहे.