समासातले शब्द

फॉर्मात रकाना एकच:
मुलास किती शब्द येतात.
रैजी हिचामी, वय चार वर्षे दोन महिने.
मी लिहिलं, अकरा.
मॅडम म्हणाल्या, फारच कमी, लाल पेननं गोल करा.

त्या अकरांत बाई आहे, खाऊ आहे,
नाही आहे, चुकून दोनदा मोजलेलं,
आणि खिचडी, जिला ती किच्ची म्हणते.

तक्त्यावरच्या कोंबडीवर बोट ठेवून
रैजी म्हणाली, कोर.
मी डब्यातल्या भाकरीची कोर मोडून दिली.
तिनं खाल्ली. पुन्हा बोट, पुन्हा कोर.
पुन्हा दिली.
तिसऱ्या दिवशी मदतनीस जमनीबाई
तोंडाला पदर लावून हसली,
"काहून बाई, डबा रिकामा करता?
पोट्टी कोंबडीले कोंबडीच म्हणते."

त्या दुपारी वहीत पट्टीनं
मधोमध रेघ मारली.
पलीकडे लिहीत गेले:
येर, पाणी.
नय, कुत्रं, जे उंबऱ्यातच झोपतं
आणि कुठल्याच भाषेत हाकललं तरी उठत नाही.
लोन, घर. मला वाटलं होतं, हिच्या आईनं
बचतगटातून उचललं असेल.
मीन.

इथं पेन थांबला.
आमच्याकडे हा शब्द पंचांगात राहतो,
बारा राशींच्या शेवटी, कोरडा.
रैजीच्या तोंडून तो आला
कठाणीच्या पाण्यासकट, शेपूट आपटत.

चिंचोके मोजायला दिले तर
उंदी, रंड, मूंद, चार, पाच.
बांधावरून वावरात उतरावं
तशी उतरली एकीतून दुसरीत,
पायाखाली न बघता.
मी पुन्हा मोजले.
पाच चिंचोके पाचच भरले.

मॅडमना वही दाखवली.
त्यांनी बराच वेळ पाहिली, म्हणाल्या,
खरं आहे हो, पण फॉर्मात जागा नाही.
जागा नव्हतीच.
मग समासात, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात लिहिलं:
अधिक त्र्याहत्तर.
हे मलाच येत नव्हते.

सेविकेस किती येतात, असं कोणी विचारत नाही.
सव्वीस. त्यातले चार रैजीला पटत नाहीत,
माझ्या ओठांकडे बघून ती मान हलवते.

काल जेवताना ग्लास पुढे करून म्हणाली,
येर.
मी खिचडी वाढत होते, लक्ष नव्हतं.
तेव्हा तिनं माझा पदर ओढला
आणि म्हणाली,
बाई. येर. पाणी.
मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून,
जशी मी तिच्याशी बोलते.