पायाची माती

घणसोलीत, टॉवरच्या खड्ड्यातून
पोकलेनच्या दातांत ती वर आली,
निळसर, शिंपल्यांसकट, खाडीचा वास अंगावर.
डंपरवाल्या रामसजीवनला म्हटलं, दोन बादल्या दे.
तो म्हणाला, ताई, फुकट आहे, पण कशाला?

साडेबारा टक्क्यांत मिळालं ते विकून झालं.
उरलेल्या घराच्या गच्चीवर
मी ती कालवली, शिंपले चाळून काढले,
जुन्या घराची कौलं कुटून त्यांची भुकटी घातली,
तडे जाऊ नयेत म्हणून.
चाक नाही. वळकटीवर वळकटी ठेवत
अंगठ्यानं आतून लिंपत गेले.
अर्धवट सुकल्यावर पळीच्या पाठीनं घासलं,
इतकं, की शेजारची डिशची छत्री
त्यात वाकडी दिसायला लागली.

आई आली. मडक्याकडे बघितलंसुद्धा नाही.
उरलेला गोळा उचलून नाकाशी नेला,
मग जिभेच्या टोकाला.
"ही धाकट्या खांडीची नाय," म्हणाली.
"ही घरतांची. आपली येवरी खारट नव्हती."

बांधावरून एकतीस वर्षं
ज्यांच्याशी बोलणं नव्हतं, ते घरत.
शेत गेलं, बांध गेला,
दावा तेवढा चालू राहिला.

जाळायचं ठरलं होतं, जाळलं.
तेलाचा रिकामा पिंप, बुडाला भोकं,
गोवऱ्या, तूस, नारळाची सोडणं.
कोलंबीची टरफलं आईनं आणून टाकली, न विचारता.
ज्वाळा बसल्यावर वर पत्रा,
फटींत ओलं गोणपाट.
समोरच्या टॉवरचा वॉचमन आला:
बाराव्या मजल्यावरच्या पडद्यांना वास लागतोय.
आई म्हणाली, त्यांना सांग,
त्यांच्याच खालची हाय.

रात्रभर धुमसलं. सकाळी राखेतून काढलं.
काळं, एका अंगानं जांभळट,
आणि टरफल टेकलं होतं तिथं
फिकट डाग, ओल्या बोटाचा असावा तसा.
पाणी धरत नाही, झिरपतं.
आईनं त्यात सुकट भरली.

चौथ्या रात्री फळीवर टक् झालं.
चाळणीतून निसटलेला एक शिंपला
भाजून चुना झालेला,
हवेतली ओल पिऊन फुगला
आणि मडक्याच्या पोटावरून
नखाएवढी खपली उडवून गेला.
बॅटरी मारली. पांढरा ठिपका.

अंधारातून आई: कोन आयला गो?
कुणी नाही. मडकं.
तिनं कूस बदलली.
"घरतांचंच ते," म्हणाली,
"गप बसल थोडंच."