दोर

मला संवाद नव्हता.
एन.एस.एस.चे तास भरायला गेलो होतो,
वीस कमी पडत होते.
कुंदाताईंनी वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं
आणि माझ्या हातात दोर दिला.
"तू धर. बोलू नकोस."

हजुरीच्या शाळेची गच्ची, रविवारची दुपार,
टाकीच्या सावलीत आम्ही नऊ जण.
नजमीन डफावर.
ऋत्विजा इतकी जीव तोडून ओरडायची
की समोरच्या लेथवाल्यानं एकदा मशीन बंद करून विचारलं,
काय झालं, कुणाला लागलं का?
ताई म्हणाल्या, बघा, हा आपला पहिला प्रेक्षक.
घोषणेला लोक टाळी देतात नि घरी जातात.
हाकेला थांबतात.

खडूचं एक वर्तुळ, तेवढाच आमचा सेट.
दीपेश पारचा त्यात उतरायचा,
म्हणजे नुसता उकिडवा बसायचा, गुडघ्यांत डोकं,
कमरेला दोर, दुसरं टोक माझ्याकडे.
पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन म्हणाला,
तीन हिसके आले की ओढायचं असतं.
तुला कसं माहीत, मी विचारलं.
तो चप्पल शोधत राहिला.

नजमीननं नंतर सांगितलं.
त्याचा काका.
दोनच हिसके आले होते म्हणे.

नाटकात मी ठेकेदाराचा माणूस.
तीन हिसके येणार, मी मोबाइल बघत राहणार,
दीपेश कलंडणार, डफ थांबणार,
मग ऋत्विजा पुढे येऊन कायदा सांगणार.
असं बसवलं होतं.

घोडबंदर रोडला, सत्तावीस मजल्यांच्या फाटकाशी
पंधरा मिनिटांची परवानगी मिळाली,
गाड्यांना वाट सोडून.
चाळीसेक माणसं, बाल्कन्यांत आणखी थोडी,
एक बाई भाजीची पिशवी खाली न ठेवता उभ्या.
दीपेश उतरला.
पहिला हिसका. दुसरा. तिसरा.
ठरल्याप्रमाणे मी मोबाइल बघितला.
स्क्रीन बंदच होता,
त्यात माझंच तोंड.

आणि मागून दोर ताणला गेला.
वळून बघतो तर पाच-सहा वर्षांचं पोर,
पायात चाकांचे बूट,
ओढेल तसं स्वतःच पुढे घरंगळतंय.
"अंकल, ओढा ना. तो बोलावतोय."
अंकल! मी एकोणीस वर्षांचा.

हे बसवलेलं नव्हतं.
दीपेशला कळेना, मरायचं की नाही.
मी ताईंकडे बघितलं, त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.
बाईंनी पिशवी खाली ठेवली.
वॉचमन आला, टोपी काखेत मारून.
मग मीही ओढला.

दीपेश वर्तुळाबाहेर येऊन उभा राहिला
आणि नाटकाला शेवटच उरला नाही.
ऋत्विजाचा कायदा घशातच.
टाळी कुणी वाजवली नाही.
चौथ्या मजल्यावरून एका गृहस्थांनी विचारलं,
आपली टाकी आहे कुठे हो?
सेक्रेटरी इकडेतिकडे बघू लागले.
वॉचमननं बोट दाखवलं:
तिकडे, झोपाळ्यांपाशी.
लोखंडी झाकण, त्यावर कुणीतरी
खडूनं ठिकरीचे चौकोन आखलेले.

परतताना टीएमटीत आम्ही सगळे एकदम बोलत होतो,
नजमीन तर सीटच्या पाठीवर डफ वाजवत होती.
दीपेश खिडकीशी.
माजिवडा गेल्यावर म्हणाला,
पुढच्या वेळी मला मरू द्या.
नाहीतर त्यांना वाटेल, माणूस येतोच वर.
ताई बघू म्हणाल्या.
मग बराच वेळ तिकिटाची घडी घालत बसल्या,
उलगडून पुन्हा घालत.

माझे वीस तास भरले.
प्रमाणपत्रावर आडनाव चुकलंय.
दोर कुणी परत मागितला नाही,
आईनं तो गॅलरीत बांधलाय, चादरी वाळत घालायला.
रात्री खाडीकडून वारा सुटला
की खिळ्याशी करकरतो.
मी अंथरुणात मोजतो.
एक.
दोन.