आवाजाचं भाडं

चार बॉक्स, दोन भोंगे, मिक्सर, जनरेटर डिझेलसकट.
भाडं दोन्ही पक्षांना सारखंच.
मंगळवारी हे, गुरुवारी ते,
आनंदवाडीच्या बंदरावर, लिलावाच्या ओट्यापलीकडे,
जिथं सकाळी बांगड्याचा भाव पुकारतात.

मंगळवारचा वक्ता म्हणाला,
समोरचा उमेदवार मनोरुग्ण आहे.
‘म’वर आवाज घुमला, मी बेस कमी केला.
म्हणाला, सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरं,
डोक्यात दोन-दोन माणसं घेऊन फिरतो,
शॉक द्या त्याला!
टोपल्या उलट्या घालून बसलेल्या बायकाही हसल्या.
मग तो आवाज खाली आणून आमच्या बोलीत उतरला,
“रत्नागिरीक धाडा रे तेका.”
आणि हशा असा उठला
की सुई लाल पट्टीत गेली.

हे वाक्य आमच्याकडं मिठासारखं आहे.
उधारीची आठवण करून दिली तरी म्हणतात,
पोरगं पाढ्यात अडखळलं तरी.
मीही म्हणायचो. दहावीत असताना
सायकलचा ब्रेक न दुरुस्त करणाऱ्या दत्तारामाला म्हणालो होतो.
जयवंतीला नेलं
त्याच्या आदल्याच वर्षी.

जयवंती माझी थोरली बहीण.
बंदरापासून आमचं घर तीन भोंगे दूर,
अंतर मी असंच मोजतो.
ओसरीवर बसून ती जाळी सांधते,
गाठ मारताना दोरा दातात धरते.
महिन्याला एक सुई, रात्री अर्धी गोळी.
एका आषाढात ती अकरा दिवस झोपली नव्हती,
विहिरीला उत्तरं देत होती.
त्याला काय म्हणतात ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.
तो लांबलचक शब्द मी डबीत घडी घालून ठेवला,
लागेल तेव्हाच काढायचा.
गुरुवारच्या वक्त्यानं तो सुटा काढला
आणि सरकारवर फेकला.
उच्चार चुकीचा होता.

माझं बोट फेडरवर होतं.
इतकंच. होतं.
खाली ओढलं असतं तर वायर सुटली म्हणून खपलं असतं.
डिझेलचे पैसे यायचे होते.

रात्री तारा गुंडाळून घरी गेलो तर जयवंती जागी.
“कोण आजारी पडलो?
भोंग्यार सांगी होते, रत्नागिरीक धाडा म्हणान.”
मी जेवत राहिलो.
“एकट्याक धाडू नको तेका.
हातखंब्याक गाडी बदलूची लागता. खिडकीकडे बसव.
पयल्या रातीक भायरचो दिवो जळत ठेवूक सांग, भियातलो.
पेजेत मीठ कमी असता, पण गरम दितत.
सुई काय इतकी दुखना नाय.”
मग दोरा तोडून, बऱ्याच वेळानं,
“माझ्या बाजूच्या खाटेर होती ती दापोलीची बाय,
अजून आसा काय रे ती?”

आज परत सभा. दुपारचं रिकामं बंदर,
बर्फाची गाडी, ओट्यावर झोपलेलं कुत्रं.
हॅलो, एक, दोन,
आणि पुढं तीन येईना.
म्हटलं, हातखंब्याला गाडी बदलायची.
खिडकीकडे बसवायचं.
बाहेरचा दिवा जळत ठेवा.
पेजेत मीठ कमी.
भोंग्यातून ते खाडीवर गेलं,
किल्ल्याला लागून परत आलं,
मीठ कमी, मीठ कमी.
बर्फ फोडणारा जनू वर बघून ओरडला,
“खुळो झालंस काय रे?”
मी विचारलं, तुझ्यापर्यंत नीट येतोय ना आवाज?
“येता,” तो म्हणाला,
“पण मीठ कसला, ता कळाक नाय.”