सात अंशांखालचे तास

पाषाणच्या घरामागे, सांडपाण्याच्या पाइपाला लागून
आलुबुखाराचं एक झाड आहे.
खुंट सप्ताळूचा, डोळा कुठल्याशा डोंगरातला.
उरुळीच्या नर्सरीत सोपान झेंडे म्हणाले होते,
"लवकरची जात आहे, मॅडम. आंब्याच्या आधी येते.
फक्त थंडी लागते. दीडशे तास. सात अंशांखाली."

त्यांना काय माहीत, मी कुठे नोकरी केली.
एकतीस वर्षं शिमला ऑफिसात
किमान तापमान लिहिलं,
दशांशासकट, निळ्या शाईत.
पुण्याची थंडी मला विचारा.
स्वेटर दाखवण्यापुरती असते.

पहिल्या वर्षी भरले एकोणीस तास.
झाडाने पानंच टाकली नाहीत.
जानेवारीतही हिरवं, अर्धवट जागं,
रात्रपाळीहून आलेल्या माणसासारखं.

दुसऱ्या वर्षी ताण दिला.
नोव्हेंबरात पाणी तोडलं,
आळं उकरून मुळांना ऊन दाखवलं,
डिसेंबरात एकेक पान हाताने खुडलं.
कुंपणावरून टिल्लू म्हणाले, "आजारी आहे का?"
"नाही," म्हटलं, "झोपवतेय."

फुलं आली. पांढरी, पानांच्या आधी,
एका डोळ्यातून तीन-तीन.
आणि गळली. सगळी.
झेंड्यांना फोन केला, तर म्हणाले,
हां, ते सांगायचं राहिलं,
ही जात स्वतःच्या परागावर धरत नाही.

कॅम्पात फ्रेनी मिस्त्रींच्या अंगणात एक म्हातारं झाड.
जात कोणती, त्यांनाही ठाऊक नाही.
तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, त्याच्या चार फांद्या
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बसने आणल्या.
कंडक्टरने विचारलं, "पूजा का?"
"लग्न," मी म्हटलं.
बादलीत पाणी, पाण्यात फांद्या,
बादली झाडाला टांगली.
पुढचं मधमाश्यांनी बघायचं.

वीस एप्रिल. सात फळं.
लिंबाएवढी, सालीवर द्राक्षासारखा धूसर थर,
बोट लावलं की जाणारा.
गर पिवळा, कोयीला धरून बसलेला.
लवकर पिकतं ते कोय सोडत नाही,
आणि दोन दिवसांवर टिकतही नाही.
म्हणून त्याच संध्याकाळी वाटली:
तीन फ्रेनीबाईंना, दोन झेंड्यांसाठी ठेवली,
एक टिल्लूंना. त्यांनी तोंड वाकडं केलं.
सातवं नळाखाली धुऊन उभ्यानेच खाल्लं,
मनगटावरून रस कोपरापर्यंत.

रात्री वही काढली.
या हिवाळ्यात भरलेले तास: एकेचाळीस.
पुन्हा बेरीज केली.
एकेचाळीसच.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
आंबट नाही.