अठरा चुण्या

थंडीचे अडीच महिने
बर्डीच्या उतारावर
दोन देशांची सरहद्द असते.
मधे नाली, नालीवर फरशी,
फरशीवर प्लॅस्टिकचं स्टूल,
स्टुलावर मी.
बत्तीस वर्षं विजेचे मीटर वाचले,
आकडा कधी फिरवला नाही,
एवढ्या भांडवलावर दोघांनी मला पंच नेमलं.

अल्याड खिमलाल घर्ती, रोल्पाचा.
त्याचा मोमो लिंबाएवढा,
वर टमाट्याचं झोल, झोलात टिमूर;
जीभ अशी बधिर होते
की स्वतःचं नाव दुसऱ्याला विचारावं लागतं.

पल्याड देचेन. विकते स्वेटर,
पण मफलरींच्या मागे, स्टोव्हवर,
फक्त ओळखीच्यांसाठी
ॲल्युमिनियमचा तीनमजली डबा.
तिचा मोमो मुठीएवढा,
आत मटण, कांदा, मीठ, बस,
आणि चावला की कोपरापर्यंत ओघळणारा रस.

"आमच्याकडूनच गेला तुमच्याकडे," देचेन म्हणते,
"खेचरांवर, मिठाच्या गोण्यांसोबत."
"आला असेल," खिमलाल झाकण उचलतो,
"आला तेव्हा मुका होता.
बोलायला आम्ही शिकवलं."
"बोलायला? बोंबलायला!"
"आणि तुमचा? अजून झोपेतच आहे."

मग चुण्या मोजायच्या.
मी चष्मा पुसतो, वाफेनं तो पुन्हा आंधळा होतो,
पुन्हा पुसतो.
तिच्या अठरा.
त्याच्याही अठरा.
"अजी काका, ही चुणी होय का?
हा त बोटाचा ठसा होय बाप्पा!"

हे देचेन म्हणते.
ज्या देशासाठी भांडते तो तिनं पाहिलेला नाही.
जन्म गोठणगावचा, शाळा अर्जुनीची,
रागावली की तोंडातून झाडीची बोली सांडते.
खिमलालला त्याचा डोंगर पाठ आहे,
पायवाटेवरच्या दगडांसकट,
पण त्या डोंगरावर मक्याचा ढिंडो खायचे.
पहिला मोमो त्यानं खाल्ला
गोरखपूरच्या फलाटावर, उभ्यानं.
ही गोष्ट त्यानं मला एकट्याला सांगितली.
पंच म्हणून मी ती दाबून ठेवली आहे.

एकदा मी मधला तोडगा काढला.
घरून किटलीभर तर्री नेली,
चण्याची, लालभडक, वर बोटभर तेल,
आणि दोन्ही पक्षांवर सारखी ओतली.
त्या संध्याकाळी पहिल्यांदाच
दोन्ही देशांनी संयुक्त निषेध नोंदवला.
तिनं माझी प्लेट उचलली,
त्यानं माझं स्टूल.

घरी सांगितलं तर कुंदा
भाकरी थापता थापता म्हणाली,
"म्हणजे मिठाचा मोदक. उकडीचा.
त्यात काय एवढं भांडायचं?"
आणि मी, निःपक्षपाती माणूस,
ताट सरकवून ताडकन उठलो:
"उकडीचा तिकडचा, कोकणातला!
आपला मोदक तळलेला असतो!"
ती पाहतच राहिली.
मग परातीत पाहून हळूच विचारलं,
"किती चुण्यांचा?"

संक्रांत गेली.
स्वेटर गठ्ठ्यांत गेले, गठ्ठे ट्रकात.
ट्रकाच्या फाळक्यावरून देचेन ओरडली,
"निकाल बाकी आहे!"
खिमलालनं झारा उंच धरला,
सलाम म्हणून की धमकी म्हणून,
ते मला वाचता आलं नाही.

आता ऊन कानशिलावर येतं.
खिमलालपाशी गर्दी तीच, झोल तेच.
काल सवयीनं मोजल्या.
चौदा.
दुसरा उचलला. त्याच्या तेरा,
आणि एक नुसता बोटाचा ठसा.
आयुष्यात पहिल्यांदा
मी आकडा वाचून दाखवला नाही.

त्यानं फडक्याला हात पुसले,
फरशीपलीकडे पाहिलं,
जिथे हल्ली टरबुजांचा ढीग असतो,
आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं,
"काका, यंदा दिवाळी कधी आहे?"